प्रिसिला नावाचा कण

नामकरण हा साहित्याचा प्रांत, असे आम्ही समजत आलो. पात्राला नाव लाभले की ते नमुना राहत नाही, व्यक्ती होते. भौतिकशास्त्रात मात्र एक इलेक्ट्रॉन दुसऱ्याहून वेगळा ओळखताच येत नाही. तेथे नाव कोणाला द्यायचे? तरीही १९८४ च्या उन्हाळ्यात सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हान्स डेमेल्ट यांनी एका पॉझिट्रॉनचे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धनभारित प्रतिकणाचे, नाव प्रिसिला ठेवले.

१९७३ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत एकटा इलेक्ट्रॉन सापळ्यात धरला गेला होता. हा सापळा म्हणजे अतिथंड निर्वात पोकळी. चुंबकीय क्षेत्र कणाला बाजूला सरकू देत नाही, विद्युतक्षेत्र वर-खाली निसटू देत नाही. भटका इलेक्ट्रॉन भेटला असता तर दोघेही नष्ट होऊन केवळ प्रारण उरले असते. प्रिसिला सुमारे तीन महिने टिकली. पाळीव प्राण्यांना नावे देतात तसेच हे, असे समर्थन डेमेल्ट यांनी १९८९ च्या नोबेल व्याख्यानात केले. आम्हांला ते अपुरे वाटते.

कारण प्रयोग होता सममितीचा. डावे-उजवे निसर्गाला सारखे नाही, हे १९५७ मध्ये चिएन-शिउंग वू यांच्या प्रयोगाने दाखवले. १९६४ मध्ये क्रोनिन आणि फिच यांनी आरसा व भारबदल यांची जोडीही मोडीत काढली. उरली ती तिहेरी सममिती: भार, आरसा आणि काळाची दिशा, तिन्ही एकदम उलटवली तर नियम तेच राहावेत. ती खरी असेल, तर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचे चिमुकल्या चुंबकासारखे वागण्याचे प्रमाण तंतोतंत जुळले पाहिजे. व्हॅन डाइक, श्विनबर्ग आणि डेमेल्ट यांनी १९८७ मध्ये दोन्हींचे आकडे दिले. दोन्हीकडे १.००११५९६५२१८८, अनिश्चितता काय ती बाराव्या दशांशस्थानी.

म्हणजे प्रिसिलेची साक्ष ग्राह्य ठरते, ती तिला स्वतःचा स्वभाव नाही म्हणूनच. ती खरोखर 'व्यक्ती' असती, तर इतर पॉझिट्रॉनांविषयी तिने काहीच सिद्ध केले नसते. कादंबरीतल्या प्रातिनिधिक पात्राविषयी आपण वर्गात जो वाद घालतो, तो येथे असा उलटा होऊन समोर येतो.

पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न येथे प्रतिप्रोटॉनही पकडले गेले. २०२२ मध्ये बेस प्रयोगाने दाखवले की त्यांच्या आणि प्रोटॉनच्या भार-वस्तुमान गुणोत्तरांत फरक असलाच, तर तो लाख कोटी भागांत सोळा भागांच्या मर्यादेतला. इतकी समानता असताना विश्वात प्रतिद्रव्य जवळपास उरलेच नाही, ते का, याचे उत्तर या सापळ्यांतून अद्याप मिळालेले नाही.