लतादीदींना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी

दिवाळीच्या पहाटे आजही आपल्यापैकी अनेकांच्या घरी लतादीदींचा आवाज लागतो. फोनवर बोट टेकवलं की गाणं सुरू. म्हणूनच, हाच आवाज समोर बसून ऐकण्यासाठी आपल्यातली माणसं एके काळी शेकडो मैल गाडी हाकत गेली होती, हे मुलांना सांगितलं की त्यांना नवल वाटतं. ही हकिगत कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. पण इथल्या मराठी माणसाच्या इतिहासात तिला जागा आहे.

थोडं मागे जाऊ या. १९४६च्या कायद्यानुसार भारतातून वर्षाला जेमतेम १०० जणांना अमेरिकेत स्थायिक होता येत असे. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि इंजिनिअर, डॉक्टर, संशोधक मंडळींना दार उघडलं. ही पिढी बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनला कान लावून अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ ऐकत मोठी झाली होती. इथे आल्यावर ते बुधवार संपले. मागे उरल्या त्या बॅगेतून जपून आणलेल्या दोन-चार रेकॉर्डी आणि पुढे कॅसेटी.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या पिढीला लतादीदींचा आवाज पाठ होता, पण त्यांना गाताना मात्र फार थोड्यांनी पाहिलं होतं. पार्श्वगायक पडद्यामागेच राहायचे. १९४९ साली ‘महल’ आला, तेव्हा त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं! श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा कुठे खरं नाव कळलं. पुढे नाव घरोघरी पोचलं, तरी दीदींचा बहुतेक वेळ रेकॉर्डिंग स्टुडिओतच जाई. १९७४ साली त्या लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या आणि १९७५ साली मुकेश यांच्यासह अमेरिकेच्या दौऱ्यावर आल्या. गंमत पाहा, देश सोडून आलेल्यांना दीदी इथे समोर दिसल्या. तिकडे दादर-गिरगावात राहिलेल्या त्यांच्या कित्येक भावंडांच्या वाट्याला मात्र तो योग आला नव्हता.

तो दिवस कसा जात असेल, याचा अंदाज तुम्हालाही बांधता येईल. समजा, तुम्ही शिकागोचे आणि कार्यक्रम डेट्रॉइटला. अंतर सुमारे २८० मैल. १९७४पासून देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झालेली, म्हणजे कुठेही न थांबता पाच तास तरी हवेत. शिवाय डेट्रॉइटचं घड्याळ एक तास पुढे. दुपारचं जेवण वाटेत करायचं तर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घरूनच न्यायला हवी, कारण हायवेवर शाकाहारी माणसाला फ्रेंच फ्राइजशिवाय काय मिळणार? संध्याकाळी हॉलच्या आवारात इतक्या साड्या एकदम पाहून बाहेरचे अमेरिकन थबकत असतील. कार्यक्रम संपल्यावर ओळखीच्या कुणाच्या तरी घरी, दिवाणखान्यात चटया टाकून झोपायचं. न जमलं तर रात्रीतूनच परत निघायचं.

आणि रंगमंचावर? पांढरी साडी, अनवाणी पाय, समोर गाण्यांची वही. नाच नाही, झगमगाट नाही. मंचाला देवघरासारखं मानण्याचा हा संस्कार मा. दीनानाथांच्या नाटक कंपनीतून आलेला. आपली भाषा इथे कुणाला कळत नाही, आपलं नावही कुणाला धड उच्चारता येत नाही, अशा दिवसांत हजारोंच्या हॉलमध्ये एक मराठी बाई नुसती उभी राहून गाते आणि सगळे स्तब्ध होतात. याचा त्या पिढीला किती आधार वाटला असेल!

या दौऱ्यांना दुःखाचीही किनार आहे. पुढच्याच वर्षी दीदी आणि मुकेश पुन्हा आले. २७ ऑगस्ट १९७६, शुक्रवार. डेट्रॉइटमध्ये मुकेश यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच ते गेले. वय अवघं ५३. मुलगा नितीन दौऱ्यात सोबत होता. त्यांचं पार्थिव घेऊन दीदी भारतात परतल्या. त्या दौऱ्यात ज्यांनी मुकेश यांना ऐकलं, ते त्यांचे अखेरचे श्रोते ठरले. डेट्रॉइट म्हटलं की आपल्याला मोटारी आठवतात. त्या पिढीतल्या अनेकांना मुकेश आठवतात.

दौरे पुढेही होत राहिले. ते आयोजित करणारे मोहन देवरा यांनी रचना शहा यांच्यासह त्यांवर पुस्तकही लिहिलं आहे. ९ जून १९८५ रोजी टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये दीदी १२,००० श्रोत्यांसमोर गायल्या. युनायटेड वे या संस्थेसाठी त्यातून दीड लाख डॉलर उभे राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी ॲन मरे या कॅनेडियन गायिकेचं इंग्रजी गाणंही म्हटलं. याच काळात, १९८१ साली, बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं आणि १९८४ साली शिकागोत पहिलं अधिवेशन भरलं. गाण्याच्या निमित्ताने दूरदूरची माणसं एका छताखाली येतात, हे या पिढीने अनुभवलेलं होतं. हॉल ठरवणं, तिकिटं खपवणं, पाहुण्यांना घरी उतरवून घेणं ही कामं आपली मंडळं आजही त्याच हौसेने करतात.

इथे वाढलेल्या तरुण वाचकांनो, तुम्ही म्हणाल, हे आमचं नाही. तुमचे अजय-अतुल आहेत. ‘सैराट’च्या संगीतासाठी त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सोनी स्टुडिओत मोठा वाद्यवृंद वाजवून घेतला. मराठी गाणं आता इथे घडूनही तिकडे जातं. अजय-अतुलच्या कार्यक्रमात तुम्ही खुर्चीवरून उठून नाचता आणि तुमचे आजी-आजोबा डोळे मिटून बसले होते, एवढाच काय तो फरक. ओढ एकच.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी दीदी गेल्या. त्यांना इथे प्रत्यक्ष ऐकलेली माणसं आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. तिकिटाचा तुकडा, कार्यक्रमाची पत्रिका, फिकट झालेला एखादा फोटो कुणाच्या तरी बेसमेंटमधल्या खोक्यात पडला असेल. या दिवाळीत फराळाला जाल, तेव्हा त्यांना एवढंच विचारा: कोण गाडी चालवत होतं, सोबत कोण होतं, कोणतं गाणं ऐकताना डोळे भरून आले? फोनवर ते बोलणं रेकॉर्ड करून ठेवा आणि मंडळाकडे पाठवा. चकलीचं ताट बाजूला ठेवून ते तासभर तरी बोलतील.