लोणार : उन्हाळ्यावर पिकणारा खार

बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वसलेले लोणार हे तालुक्याचे गाव उल्कापाताने बनलेल्या सरोवरासाठी जगभर ओळखले जाते. मात्र कित्येक शतके या गावाची ओळख खाणीच्या गावासारखी होती. येथील खाण जमिनीत खोल नव्हती. ती सरोवराच्या तळाशी होती आणि दर उन्हाळ्यात उघडी पडत असे.

दख्खनच्या काळ्या पाषाणात हे विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून काठापासून तळापर्यंतची खोली दीडशे मीटरच्या घरात आहे. त्याचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई. पुढे आर्गॉन पद्धतीने झालेल्या कालमापनाने ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षांपर्यंत मागे नेले. गाव विवराच्या ईशान्य काठालगत आहे. याच बाजूला काठ फोडून धारेची घळ खाली उतरते आणि गोमुखाचे गोडे पाणी बारमाही वाहते.

लोणार हे वाळवंट नव्हे. येथे वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्यानंतरचे आठ महिने जवळपास कोरडे असतात आणि एप्रिल-मे मध्ये पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. विवराच्या बाहेरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे विदर्भातील नेहमीचेच हवामान. विवराच्या आत मात्र त्याचा परिणाम वेगळा होतो, कारण या वाडग्यात आलेल्या पाण्याला ओढ्यानाल्याने बाहेर पडण्याची वाट नाही. पावसाचे व झऱ्यांचे पाणी खडकातील क्षार सोबत घेऊन येते. ऊन केवळ पाणी उडवून नेते, क्षार तेथेच राहतात. हजारो वर्षांच्या या हिशेबातून सोड्याचे खारे पाणी साठले. वाळवंटातील सरोवरांत आढळणारे रसायन हिरव्यागार काठाच्या आत तयार झाले ते असे.

उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठच्या चिखलावर खाराचा थर धरत असे. तो काढून वाळवून विकला जाई. खाराच्या प्रतींना दल्ला, पापडी, भुस्की अशी निरनिराळी नावे होती. अबुल फजलच्या 'आईने-अकबरी'त या परिसरात काच व साबणाला लागणारे पदार्थ मिळतात आणि त्यांवरील करातून सरकारला चांगले उत्पन्न होते, अशी नोंद आहे. पाणी खारट असूनही कडेला गोडे लागते, हेही त्यात नमूद आहे. झऱ्यांची ही खूण चारशे वर्षांपूर्वीही नजरेतून सुटली नव्हती. इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये सरोवराची नोंद केली, ती त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने. लोककथेत मात्र या खाराचे श्रेय लवणासुराकडे जाते. त्याचा वध करणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर गावात आजही उभे आहे.

खाराचा धंदा इतिहासजमा झाला. १९७९ मध्ये विवराला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा, २००० मध्ये परिसराला अभयारण्याचा आणि २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. परंतु पाणी येणे व उडून जाणे यांचे गणित तसेच राहिले. जून २०२० मध्ये पाणी अचानक गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण सांगितले ते याच गणितातले : पाऊस कमी, तापमान अधिक, बाष्पीभवनाने वाढलेली क्षारता आणि त्यामुळे फोफावलेले खारप्रिय सूक्ष्मजीव.

अलीकडच्या काही वर्षांत काटा उलट दिशेला झुकला आहे. पातळी वाढून पाणी काठच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत आले आणि सरोवरात मासे दिसू लागल्याच्या बातम्या आल्या. ज्या पाण्यात पूर्वी मासा जगणे अशक्य मानले जाई, त्याच्या दृष्टीने ही शुभवार्ता नव्हे. पाणी जितके गोडे होईल, तितके खारावर जगणारे शेवाळ व सूक्ष्मजीव मागे हटतील. त्यांच्यासाठीच तर देशोदेशीचे अभ्यासक येथे येतात. भरपूर पाणी हे विदर्भातील कुठल्याही गावाचे मागणे असते. लोणारच्या विवराला मात्र दरवर्षीचा कडक उन्हाळाही तितकाच लागतो.