फुलवाल्यांची सैर

दिल्ली पाहायला गेलेला मराठी माणूस कुतुबमिनार पाहतो, फोटो काढतो आणि परत फिरतो. मिनारापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर मेहरौलीचं जुनं गाव आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. पाऊस सरला, हवा निवळली की शहराच्या कोटाआड राहणारे दिल्लीकर पूर्वी बैलगाड्या, पालख्या जोडून इथं मुक्कामाला यायचे. आमराईत झोके बांधायचे, शम्सी तलावात पोहायचे, पतंग उडवायचे. या सहलीला नाव पडलं ‘फूलवालों की सैर’. मला या नावाचंच अप्रूप आहे. सोहळा भरवला बादशहानं, पण नाव मिळालं ते फुलं विकणाऱ्यांना.

मेहरौलीला माणसं त्याही आधीपासून येत होती. ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांचा इथं 1235 साली इंतकाल झाला. अजमेरच्या ख्वाजांचे ते खलिफा. त्यांचे मुरीद बाबा फरीद, बाबा फरीद यांचे निजामुद्दीन औलिया आणि औलियांचे बुऱ्हानुद्दीन गरीब, ज्यांचा दर्गा आपल्या खुलताबादेत आहे. म्हणजे औरंगाबादकडच्या भाविकाला मेहरौली परकी नाही, त्याच्या सिलसिल्यातलीच ती वरची कडी आहे. दर्ग्यापासून थोड्या अंतरावर योगमायेचं मंदिर. कृष्णाच्या बदल्यात कंसाच्या हाती गेलेली यशोदेची मुलगी ती हीच.

आता सैरीची गोष्ट. दिल्लीवरचा शिंद्यांचा अंमल 1803 साली पटपडगंजच्या लढाईत संपला आणि आंधळा बादशहा शाहआलम कंपनीच्या छत्राखाली गेला. त्याचा मुलगा दुसरा अकबरशहा 1806 मध्ये गादीवर बसला तेव्हा राज्य नावापुरतं होतं. हुकूम चाले तो लाल किल्ल्याच्या भिंतींच्या आत, आणि तिथंही इंग्रज रेसिडेंटची नजर. बादशहाला आपल्यामागे लाडका मुलगा मिर्झा जहांगीर गादीवर हवा होता. कंपनीला थोरला हवा होता. तो थोरला म्हणजे पुढचा बहादूरशहा जफर. चिडलेल्या जहांगीरनं रेसिडेंट सेटनवर गोळी झाडली. सेटन वाचला, शहजाद्याची रवानगी अलाहाबादेला झाली.

त्याची आई मुमताज महल (ताजमहालवाली नव्हे, तिच्यानंतर दोनशे वर्षांची) हिनं नवस केला: मुलगा परत आला तर ख्वाजासाहेबांच्या मजारवर फुलांची चादर चढवीन. मुलगा परत आला. 1812 च्या सुमारास वाजतगाजत चादर निघाली, सगळं शहर मेहरौलीत लोटलं. सांगतात की फुलवाल्यांनी त्या चादरीबरोबर आपल्या मनानं फुलांचा एक पंखाही बनवून दिला. लोकांना तो इतका आवडला की सोहळा दरसालचा झाला, आणि एक पंखा दर्ग्याला तर एक योगमायेला असा रिवाज पडला.

नवस सत्कारणी लागला, असं मात्र म्हणवत नाही. जहांगीर पुन्हा अलाहाबादेला धाडला गेला आणि 1821 मध्ये, ऐन तिशीत, दारूपायी गेला. ज्याला डावलायचं म्हणून हा सगळा खटाटोप झाला, त्या जफरनंच ही सैर जिवापाड सांभाळली. बापानं मेहरौलीत बांधलेल्या महालाला त्यानं 1847-48 मध्ये तीन मजली दरवाजा चढवला. हत्ती अंबारीसकट आत यावा एवढा उंच. राज्य नावापुरतं उरलं, अशा काळातला हा दरवाजा. त्या वेळच्या नोंदींत एक प्रसंग येतो. पंख्याबरोबर आपल्याला मंदिरात जाता येत नाही, मग पंख्याबरोबर दर्ग्यातही आपण जाणार नाही, असं जफरनं जाहीर केलं होतं.

आपल्याकडे या प्रसंगावर ‘गंगा-जमनी तहजीब’चा शिक्का मारून मोकळं होतात. मला तेवढ्यानं भागत नाही. जफर कवी होता, सूफी वळणाचा होता, हे खरंच. पण त्याच्यापाशी फौज नव्हती, खजिना नव्हता. उरली होती ती फक्त रयतेची ओढ, आणि ती हिंदू-मुसलमान अशी वाटून घेणं त्याला परवडणारं नव्हतं. यात राजकारण होतं असं कुणी म्हटलं तर मी नाकारणार नाही. माणसं जोडून ठेवण्याचं राजकारण वाईट कसं म्हणायचं?

1857 नंतर बादशहा रंगूनला गेला, सैर राहिली. फुलवाले, कारागीर, मेहरौलीकर यांनी ती चालवली. ‘चले जाव’च्या धामधुमीत 1942 साली इंग्रज सरकारनं ती बंद पाडली.

त्यानंतरचा भाग सैरीचं कौतुक करणारे सहसा गाळतात. 1947 च्या दंगलीत मेहरौलीचे मुसलमान परागंदा झाले. दिल्लीचे हजारो मुसलमान तेव्हा पुराना किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्यातल्या छावण्यांत राहत होते. ख्वाजासाहेबांच्या दर्ग्याची मोडतोड झाली, संगमरवरी जाळ्या फुटल्या. सव्वाशे वर्षं पंखे मिरवलेल्या गावातही हे घडलं. 13 जानेवारी 1948 रोजी गांधीजी उपोषणाला बसले. त्यांच्या अटींत, मुसलमानांना ख्वाजांचा उरूस निर्धास्त भरवता यावा, ही एक अट होती. हिंदू, शीख पुढाऱ्यांनी हमी दिली आणि 18 तारखेला उपोषण सुटलं. 27 जानेवारीला उरसाच्या दिवशी गांधीजी स्वतः दर्ग्यात गेले. तीनच दिवसांनी त्यांचा खून झाला.

सैर पुन्हा सुरू झाली ती 1961-62 मध्ये, नेहरूंच्या सांगण्यावरून. तेव्हापासून ‘अंजुमन सैर-ए-गुलफरोशां’ ती भरवते. गुलफरोशां म्हणजे पुन्हा फुलवालेच.

कधी दिल्लीला गेलात तर शरदात जा आणि मिनाराहून परत फिरू नका. जफर महालाची आज पडझड झाली आहे, तिथं पर्यटकांची गर्दी नसते. महालाला लागून मोती मशीद आहे आणि तिच्याजवळच्या आवारात शाहआलम आणि दुसरा अकबरशहा यांच्या कबरी. आपल्याला इथंच, आजोबा आणि बापाच्या मधोमध दफन करावं म्हणून जफरनं जागा राखून ठेवली होती. 1862 मध्ये तो रंगूनला वारला, तिथंच पुरला गेला. दोन कबरींमधली ती जागा अजून तशीच आहे.