‘हवाईजादा’ आणि बाबांचा प्रश्न

गणपतीत खेडला घरी गेलो होतो. बाहेर पाऊस, म्हणून दुपारी सगळ्यांनी मिळून ‘हवाईजादा’ बघितला. २०१५चा हिंदी सिनेमा, दिग्दर्शक विभू पुरी. शिवकर बापूजी तळपदे यांच्या आयुष्यावर बेतलेली भूमिका आयुष्मान खुरानाने केलीय. सिनेमा संपला तसं बाबांनी विचारलं, “काय रे, तू सायन्सवाला. खरंच उडालं होतं का ते विमान?”

मला पटकन उत्तर देता येईना. कारण शाळेत वक्तृत्व स्पर्धेत हीच गोष्ट मी छाती फुगवून सांगितली होती, आणि ते भाषण बाबांनीच लिहून दिलं होतं.

गोष्ट अशी: १८९५ साली मुंबईत चौपाटीवर तळपद्यांनी ‘मारुतसखा’ नावाचं विमान माणसाशिवाय उडवलं. सयाजीराव गायकवाड आणि न्या. रानडे हजर होते, ‘केसरी’त बातमी आली. म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी!

आता संशोधक म्हणून बघू. मी वाचलेल्या लेखांत ‘केसरी’चं नाव आहे, पण अंकाची तारीख आणि पान नाही. एक लेख दुसऱ्याचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा. अशा दहा लेखांचे दहा पुरावे होत नाहीत, एकच ऐकीव गोष्ट दहा वेळा होते. याउलट १७ डिसेंबर १९०३च्या उड्डाणाचा फोटो आहे, ऑरव्हिलची डायरी आहे, वडिलांना केलेली तार आहे, साक्षीदार आहेत. पहिलं उड्डाण फक्त १२ सेकंद आणि १२० फूट. तेही त्यांनी फुगवून सांगितलं नाही.

दुसरी कसोटी रसायनाची. विमान पाऱ्यावर चाललं म्हणतात. पाऱ्याचं ऑक्साइड होताना दर मोलला साधारण ९१ किलोज्यूल ऊर्जा निघते. एक मोल पारा म्हणजे २०० ग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे अर्धा किलोज्यूलसुद्धा नाही. पेट्रोल ग्रॅममागे सुमारे ४५ देतं. शंभरपट फरक! हा हिशोब बारावीचा विद्यार्थीही करू शकतो. मी तेव्हा केला नव्हता, एवढंच.

तिसरी कसोटी काळाची. या गोष्टीला जोडला जाणारा ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी सांगितला आणि लिहून घेतला गेला तो १९१८ नंतर. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एच. एस. मुकुंद आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला, आणि त्यातली विमानं उडूच शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष.

मग तळपदे खोटे का? नाही. त्या काळात जर्मनीत ओटो लिलिएंटाल ग्लायडर उडवत होता; तेव्हा मुंबईतल्या एका माणसाला विमानाचं वेड लागणं हा मोलाचा इतिहास आहे. पण आपण त्यांना ‘पहिला’ ठरवायच्या नादात, त्यांनी नेमकं काय केलं हे शोधायचंच सोडून दिलं.

बाबांना म्हटलं, “प्रयत्न केला असणार, उडाल्याचा पुरावा नाही.” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “जुने ‘केसरी’ कुठे बघायला मिळतील रे?”

पुण्याला परतल्यावर तेच काम आधी करणार आहे.