जबड्याची सर्जरी: रीलमधल्या त्या दोन फोटोंच्या मधे काय घडतं?

रील तुम्ही पाहिलं असेलच. डावीकडे पुढे आलेली हनुवटी, उजवीकडे एकदम प्रमाणबद्ध चेहरा आणि कमेंटमध्ये एकच प्रश्न, "खर्च किती आला?" सात सेकंदांत विषय संपतो. प्रत्यक्षात त्या दोन फोटोंच्या मधे बहुतेक वेळा दीड ते अडीच वर्षं गेलेली असतात. ऑपरेशनचे त्यातले काही तास फक्त. बाकी सगळी ब्रेसेस, तपासण्या आणि वाट पाहणं.

वसमतसारख्या गावातून हा विचार करत असाल, तर हे गणित आधी मांडा. कारण इथून एकदाच दवाखान्यात जाऊन भागत नाही. महिना-दीड महिन्याला ब्रेसेस आवळायला नांदेडची साधारण ४० किलोमीटरची चक्कर ठरलेली.

ही सर्जरी कुणासाठी?

दात वाकडे असतील तर ब्रेसेस पुरतात. पण ज्या हाडात दात बसलेत तेच पुढे, मागे किंवा तिरकं वाढलं असेल, तर तार ओढून ते जागेवर येत नाही. तिथे ऑर्थोग्नॅथिक सर्जरी, म्हणजे जबड्याचं हाड कापून योग्य जागी बसवणं, हा उपाय येतो. घरगुती खूण सांगायची तर काही जणांना पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडाच तोडता येत नाही, कारण वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतच नाहीत. काहींचा खालचा जबडा इतका मागे असतो की झोपेत श्वास अडकतो. जन्मतः टाळू फाटलेल्या मुलांमध्ये ती शिवल्यावरही वरचा जबडा मागे राहू शकतो.

लहानपणी हनुवटीवर पडल्यानंतर तोंड उघडणंच बंद होत गेलं असेल, तर तो सांध्याचा आजार आहे. त्याचं ऑपरेशन वेगळं असतं आणि त्यात थांबायचं नसतं.

बाकीच्यांना मात्र हाडांची वाढ थांबेपर्यंत थांबावं लागतं. मुलींमध्ये ती साधारण १६-१७ आणि मुलांमध्ये १८ किंवा त्यापुढे पूर्ण होते. खालचा जबडा पुढे येत असेल तर आणखी उशिरा. घाईत केलं आणि जबडा पुन्हा वाढला, तर सगळं पहिल्यापासून.

आधी चेहरा बिघडतो

हे रीलमध्ये कुणी सांगत नाही. जबडा वाकडा असला की दात स्वतःहून कलून जमवून घेतात. ऑपरेशनआधीच्या वर्षभरात ब्रेसेसनं हे जमवून घेणं मोडलं जातं. त्यामुळे मधल्या काळात हनुवटी आणखी पुढे दिसते, चावणं अवघड होतं आणि घरचे विचारतात, "पैसे देऊन हे काय करून घेतलंस?" अनेक जण इथेच उपचार सोडतात. लग्नाची तारीख डोळ्यांसमोर ठेवून सुरुवात करणाऱ्यांची इथे जास्त पंचाईत होते. दिसण्यासाठी सर्जरी करण्यात गैर काही नाही, पण "दिवाळीनंतर बार उडवायचाय" हे वेळापत्रक जबड्याला समजत नाही.

वसमतकरांसाठी एक खास सूचना: हळदीनं ब्रेसेसचे रबर पिवळेधमक होतात. हळदीच्या बाजारपेठेत राहून हे टळणार नाही, फक्त घाबरू नका.

ऑपरेशन आणि पुढचे सहा आठवडे

१८४९ मध्ये अमेरिकेत सायमन हलिहेन यांनी भाजल्यामुळे वाकडा झालेला एका तरुणीचा जबडा कापून सरळ केला. या शस्त्रक्रियेचा इतिहास तिथून सांगितला जातो. आजची पद्धत मात्र ह्यूगो ओब्वेगेसर यांच्या १९५० च्या दशकातल्या कामावर उभी आहे. चिरा तोंडाच्या आतून दिल्या जातात, त्यामुळे चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही. पूर्ण भूल दिली जाते, हाड कापून सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी पक्कं करतात. त्रास झाला नाही तर या पट्ट्या आतच राहतात. मुक्काम साधारण दोन ते चार दिवस.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. आरशात भलतंच कुणीतरी दिसतं आणि पहिल्या आठवड्यात रडू येणं अगदी नेहमीचं. बरीच सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, पण खरा चेहरा दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं.

साधारण सहा आठवडे चावणं बंद. आधी पातळ, मग मऊ. मुगाचं कढण, भाताची पेज, ज्वारीची आंबील, वरण गाळून, ताक, मिल्कशेक, सगळं थोडं थोडं आणि दिवसातून सहा-सात वेळा. तरी वजन काही किलो उतरतंच. दर खाण्यानंतर गुळण्या. टाक्यांवर हळद भरायची नाही. वरच्या जबड्याचं ऑपरेशन असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत नाक शिंकरायचं नाही. दात रबर किंवा तारेनं बांधले असतील, तर ते कापायची कात्री किंवा कटर कायम सोबत ठेवा, एसटीतसुद्धा. उलटी झाली तर कुठे आणि कसं कापायचं, हे घरच्या एकानं दवाखान्यातून निघण्याआधी शिकून घ्यायला हवं.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी खात असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. तंबाखूनं जखम आणि हाड भरायला वेळ लागतो.

ओठाची बधिरता

सही करण्याआधी यावर बोला. खालचा जबडा कापताना ओठ आणि हनुवटीला संवेदना देणारी नस शेजारीच असते. सुरुवातीला बहुतेकांचा खालचा ओठ बधिर होतो. बहुतांश संवेदना काही महिन्यांत, कधी वर्षभरात परततात. पण काहींना थोडी बधिरता कायमची राहते आणि वय जास्त असेल तर ती शक्यता वाढते. ओठ हलतो, बोलता येतं, फक्त चहाचा थेंब ओघळलेला कळत नाही. हे चालणार आहे का, ते तुम्हीच ठरवायचं.

पैसे आणि पत्ता

मुख व जबडा शल्यचिकित्सेत एमडीएस केलेले सर्जन आणि ब्रेसेसचे तज्ज्ञ अशा दोघांनी मिळून आखणी केली आहे का, हे आधी पाहा. नांदेडला दंत महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि मुंबईत शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. खासगीत आकडा लाखात जातो, म्हणून ब्रेसेस, पट्ट्या आणि भूलतज्ज्ञांची फी त्यात धरली आहे का, हे लेखी घ्या.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण फक्त यादीतल्या उपचारांना. डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेचं नेमकं नाव लिहून घ्या आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ वर फोन करून ते यादीत आहे का विचारा. फाटलेला ओठ किंवा टाळू असलेल्या १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथकं अंगणवाडी आणि शाळेत तपासणीला येतात, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.