'रन' या इंग्रजी शब्दाचे अर्थ किती?

'रन' म्हटले की आपल्याला आधी क्रिकेट आठवते. रन म्हणजे धाव. पण इंग्रजीत हा छोटासा शब्द धावण्यापलीकडे कितीतरी कामे करतो.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट' या शब्दाकडे होता. त्याचे 430 अर्थ नोंदवले होते. पुढे 'रन'ची नोंद नव्याने तयार झाली, तेव्हा केवळ क्रियापद म्हणूनच त्याचे 645 अर्थ निघाले. कोशकार पीटर गिलिव्हर यांना या एका शब्दावर सुमारे नऊ महिने काम करावे लागले.

एवढे अर्थ कुठून आले?

शब्द फार जुना आहे. माणूस, घोडा, पाणी यांच्यासाठी तो वापरात होताच. पुढे यंत्रे, रेल्वे आणि संगणक आले. ही सगळी नवी साधनेही 'रन' होऊ लागली आणि अर्थ वाढत गेले.

रोजच्या वापरातले काही अर्थ

• रन अ शॉप – दुकान चालवणे
• रन फॉर इलेक्शन – निवडणूक लढवणे
• रनिंग नोज – वाहते नाक
• रनिंग अ टेम्परेचर – अंगात ताप असणे
• रनिंग लेट – उशीर होणे (इथे कोणी धावत नसते!)
• रन इनटू – अचानक गाठ पडणे, किंवा धडकणे
• रन ओव्हर – वाहनाखाली चिरडणे

चूक कुठे होते?

क्रिकेटमध्ये 'रन आऊट' म्हणजे धावबाद. पण औषधाच्या दुकानात 'वी हॅव रन आऊट' म्हटले, तर औषध संपले आहे. व्हिसा 'रन आऊट' झाला, तर त्याची मुदत संपली आहे.

'बँक रन'चा अर्थ तर आणखी गंभीर. बँक बुडेल या भीतीने ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला धावतात, त्याला हे नाव आहे. 9 मार्च 2023 रोजी अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ठेवीदारांनी एका दिवसात सुमारे 42 अब्ज डॉलर काढण्याची मागणी केली. दुसऱ्याच दिवशी बँक बंद झाली. अशी बातमी मोबाइलवर शब्दशः भाषांतर करून वाचली, तर तिचा अर्थ लागणे कठीण.

मग लक्षात कसे ठेवायचे?

मराठीतला 'लागणे' आठवा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकालही लागतो. हे अर्थ कोणी पाठ केलेले नसतात, शेजारच्या शब्दावरून ते कळतात. 'रन'चेही तसेच आहे. त्यामुळे सुटा शब्द शोधण्याऐवजी 'रन आऊट ऑफ', 'रन ओव्हर' असा पूर्ण शब्दसमूह शब्दकोशात पाहावा.