सातारा-सांगलीतील जामीनकी

मराठेशाहीत 'हाजीर जामीन' माणूस हजर करण्याची हमी घेई, 'माल जामीन' पैशाची. साऱ्यासाठी रयतेकडून साखळी जामीनही घेत. एकाचा जामीन दुसरा, दुसऱ्याचा तिसरा. एक बुडाला की बोजा शेजाऱ्यावर.

1872च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच ठरवली. सावकाराने आधी ऋणकोकडे वसुली करावी, असे बंधन नव्हते. कर्जाविरुद्धच्या रोषातून 1875 मध्ये, तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या कुकरूडला सावकाराचे दस्तऐवज जाळले गेले. 1879च्या दख्खन शेतकरी कायद्याने साताऱ्यासह चार जिल्ह्यांत कर्जापायी होणारी शेतकऱ्याची कैद थांबवली आणि त्याला नादारीची वाट दिली. पण नादारीने जामीनदार सुटतो काय? 1920च्या प्रांतिक नादारी कायद्याचे उत्तर स्पष्ट नकाराचे होते : ऋणको मुक्त झाला, तरी जामीनदार बांधलेलाच.

1904 नंतरच्या ग्रामीण पतपेढ्यांत तर अमर्याद जबाबदारीमुळे प्रत्येक सभासद जणू इतरांचा जामीन होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले. जामीनकी दोन्हीकडे टिकली. पतसंस्थेच्या अर्जावर दोन सभासदांच्या सह्या, शिक्षकाचा पगारदाखला, शेतकऱ्याचा सातबारा. सहकार कायद्याच्या कलम 101 खालचा वसुली दाखला जामीनदाराविरुद्धही निघतो आणि त्याच्या पगारातून कपात होऊ शकते. भिडेखातर सही करणाऱ्यावर हा फार मोठा भार आहे. रक्कम भरणारा जामीनदार करार कायद्याच्या कलम 140 नुसार धनकोच्या जागी येतो. मात्र नादार ऋणकोकडून वसूल होण्याजोगे बहुधा काही उरलेले नसते.